भर मे महिन्यात होडीवर: अंग तापू न देता दिवस काढायची रीत

मालवण, वेंगुर्ला, हर्णै, मुरूड, कुठेही घ्या. एप्रिल-मे महिन्यांत इथलं कमाल तापमान बहुतेक दिवशी 32 ते 35 अंशांच्या आसपास असतं. नागपूर-चंद्रपूरकडचा पाहुणा हा आकडा बघून हसतो आणि होडीत बसल्यावर तासाभरात कासावीस होतो. कारण इथल्या हवेत पाणी आधीच भरलेलं असतं. तापमान 32 आणि आर्द्रता 70 टक्के असली की सावलीत बसूनही अंगाला साधारण 41 अंशांसारखं वाटतं. घाम भरपूर येतो, पण वाळत नाही. आणि अंग थंड होतं ते घाम वाळल्याने. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो अंगातली जवळजवळ 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून ठिबकून फळीवर पडला, तर पाणी आणि मीठ तेवढं गेलं, हाती काही लागलं नाही.

म्हणून किनाऱ्यावरच्या होडीसाठी माझा क्रम ठरलेला आहे: आधी सावली, मग वारा, मग पिण्याचं पाणी, आणि बर्फ सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलटं करतात. मोठी बर्फपेटी घेतात, थंड पेयं भरतात आणि डोक्यावर चार हात कापड बांधायचं राहून जातं. पुढचं सगळं वीस-पंचवीस फुटी फायबरच्या होडीला धरून लिहिलं आहे. मासेमारीची असो, पर्यटकांची असो किंवा घरची. केबिनवाल्या मोठ्या बोटींनाही बरंचसं लागू पडेल.

1. निघायची वेळ वाऱ्याकडे बघून ठरवा

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो असतो. होडीवर तोच धडा कामाला येतो. रात्री जमीन लवकर थंड होते, त्यामुळे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास त्याचा जोर असतो. या दोन वाऱ्यांच्या मध्ये एक पोकळी पडते. मतलई थांबलेला, खारा अजून उठलेला नाही. साधारण सकाळी नऊ ते अकरा. समुद्र तेलासारखा गुळगुळीत दिसतो, पर्यटक खूश होऊन फोटो काढतात, आणि याच वेळी सगळ्यात जास्त माणसांना गरगरायला लागतं. दुपारचं ऊन जास्त कडक असतं हे खरं, पण तेव्हा निदान वारा असतो.

मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. साडेपाचला सामान भरून तयार राहिलात तर उजाडताना निघता येतं आणि नऊ-साडेनऊला परत धक्क्याला लागता येतं. मासेमार पिढ्यान्‌पिढ्या पहाटे निघतात त्यामागे माशांची वेळ आहे तशी अंगाची सोयही आहे. संध्याकाळी जायचं असेल तर चारनंतर निघा. मात्र दुपारच्या वाऱ्याने तोवर लाटा उठलेल्या असतात. लहान मुलं, वयस्क माणसं किंवा पाण्याची सवय नसलेले पाहुणे बरोबर असतील तर सकाळच बरी.

मेच्या पहिल्या आठवड्यात सिंधुदुर्गात आणि मध्यावर मुंबईत सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत अकरा ते तीन उघड्या होडीत राहायचंच नाही असं ठरवलेलं बरं. राहावं लागलंच तर पुढचा सावलीचा भाग दोनदा वाचा.

वेळ ठरवताना भरती-ओहोटी बघायला विसरू नका. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्याचा अंदाज या आठवड्यात चालत नाही. बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत. ओहोटीत होडी दांड्यावर बसली की पुढची भरती येईपर्यंत तिथेच, आणि ती वेळ नेमकी दुपारची निघाली तर काय होतं ते सांगायला नको.

अजून एक गोष्ट. पहाटे मतलई वारा पाठीशी घेऊन बाहेर जाणं आणि दुपारी खारा वारा पाठीशी घेऊन घरी येणं, हा शिडाच्या काळापासूनचा हिशेब. शिडाला तो सोयीचा होता, पण इंजिनवाल्या होडीत बसलेल्याला त्याचा जाच होतो. वारा ताशी 15 किलोमीटर आणि होडीचा वेग 9 असेल, तर वाऱ्याच्या विरुद्ध चाललेल्या होडीत अंगाला 24 चा वारा लागतो आणि वाऱ्याबरोबर चाललेल्या होडीत फक्त 6 चा. शिवाय इंजिनाचा धूर बरोबर चालतो तो वेगळाच. परतीच्या वाटेवर सगळे मलूल होतात त्याचं अर्धं कारण हे आहे. जागा असेल तर सरळ रेघेत न येता थोडं तिरकं या: आधी डावीकडे, मग उजवीकडे. दहा मिनिटं जास्त लागतील, पण वारा कानाला लागेल.

2. सावली: इथे पैसे घाला

पायऱ्या अशा:

पहिल्यांदा होडीच्या दोन्ही कडांना धरून पाइपची चौकट बसवून घ्या. समुद्रावर साधं लोखंड दोन पावसाळ्यांत खाऊन जातं, म्हणून स्टेनलेस स्टील किंवा जाड ॲल्युमिनियम. तात्पुरतं काम असेल तर बांबू उत्तम. हलका असतो आणि हाताला चटका देत नाही. छताची उंची बसलेल्या माणसाच्या डोक्यावर दीड-दोन फूट. त्याहून उंच केलंत तर ते शीड होतं आणि आडव्या वाऱ्यात होडी कलते. त्याहून खाली आणलंत तर तापलेल्या कापडाची धग थेट डोक्यावर येते.

दुसरं, कापड. निळी किंवा काळी ताडपत्री सगळीकडे मिळते, स्वस्त असते, आणि या कामाला वाईट असते. ऊन अडवते खरी, पण स्वतः तापून खाली उष्णता फेकत राहते. वरून पांढरं किंवा चंदेरी आणि खालून गडद, अशी ताडपत्री मिळाली तर घ्या. वरचा रंग ऊन परतवतो, खालचा गडद रंग पाण्यावरून उसळणारी तिरीप डोळ्यांत येऊ देत नाही.

तिसरं, आणि हे फार थोडे लोक करतात: दुहेरी छत. ताडपत्रीच्या वर चार-सहा इंच जागा सोडून शेतकऱ्यांकडे असते ती शेडनेट ताणून बांधा. ऊन आधी जाळीवर पडतं, मधल्या फटीतून वारा वाहतो, आणि खालची ताडपत्री हाताला कोमट लागते. फायबरचं पक्कं छत असलेल्या पर्यटक होड्यांनाही हाच उपाय. तशा छताखाली दुपारी बसलं की तव्याखाली बसल्यासारखं वाटतं. त्यावर पांढरा रंग मारा आणि वरून जाळी ताणा.

चौथं, बाजू. दुपारी छत पुरतं. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला ऊन तिरकं, थेट छताखालून आत येतं. तिथे ताडपत्री लावू नका, वारा बंद होईल. 75 टक्के ऊन अडवणारी शेडनेट पडद्यासारखी सोडा. ऊन बरंच अडतं, वारा येत राहतो. पडदे गुंडाळून वर बांधता येतील असे हवेत, कारण होडी वळली की उन्हाची बाजूही बदलते.

पाचवं, बांधणी. सगळे दोर सुरगाठीने बांधा, निरगाठ कुठेही नको. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा पाऊस अचानक येतो आणि त्याआधी वाऱ्याचा जो झपाटा येतो, त्यात ताणलेलं छत होडी उलटवू शकतं. एका ओढीत गाठ सुटली पाहिजे. सह्याद्रीच्या बाजूला काळे ढग चढताना दिसले की छत आधी उतरवा, मग किनाऱ्याकडे वळा. ढग गडगडत असतील तर धातूच्या पाइपना टेकून बसू नका.

सुकाणूवर जो उभा आहे त्याची सावली शेवटी आठवते. पर्यटक छताखाली आणि तांडेल उन्हात, हे चित्र किनाऱ्यावर कुठेही दिसतं. होडीवरच्या सगळ्यांचा जीव ज्याच्या हातात आहे तोच चक्कर येऊन पडला तर? छत मागे सुकाणूपर्यंत न्या. समोरचं दिसायला अडचण होत असेल तर तेवढ्या भागात फक्त जाळी लावा.

3. वारा आत आणा, आणि नांगर टाकताना डोकं वापरा

चालत्या होडीत वारा आपोआप मिळतो. खरा प्रश्न थांबलेल्या होडीचा. गळ टाकून बसलात, जेवायला थांबलात, किंवा पाहुणे पाण्यात उतरलेत, तेव्हा होडीचं तोंड कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं.

उघड्या समुद्रात नांगर नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, टाकला की होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. वारा समोरून येतो, मागून निघून जातो. अशा वेळी पुढचा भाग मोकळा ठेवा. डबे, लाइफ जॅकेटांचा ढीग, जाळी, सगळं मागे किंवा कडेला.

खाडीत गणित बदलतं, कारण तिथे पाण्याला ओढ असते. दुपारचा खारा वारा समुद्राकडून खाडीत शिरतो. भरतीचं पाणीही त्याच दिशेने चढत असतं. म्हणजे भरतीत वारा आणि ओढ एका बाजूने, होडीचं तोंड समुद्राकडे, वारा थेट नाळेवर. झकास. ओहोटी लागली की पाणी उलट वाहू लागतं, होडी फिरते, तोंड जमिनीकडे जातं आणि वारा मागच्या बाजूने येऊ लागतो. तिथे इंजिन असतं, पेट्रोलच्या टाकीचा वास असतो. तासाभरापूर्वी मस्त वाटणारी जागा एकदम गुदमरायला लागली तर आधी पाण्याकडे बघा, ओढ फिरली असणार.

उपाय सोपा आहे. नांगराच्या दोराला, नाळेपासून थोडं पुढे, दुसरा दोर बांधा आणि तो होडीच्या मागच्या कडेला आणून हळूहळू ओढा. होडी तिरकी उभी राहते आणि वारा आडवा, एका कडेवरून दुसऱ्या कडेला वाहतो. आडव्या वाऱ्यात सगळ्यांना सारखा वारा मिळतो. मात्र हे संथ ओढीतच करा. खाडीच्या तोंडाशी जोरात पाणी चाललं असेल तर होडी आडवी धरू नका. पाणी कडेवरून आत येईल. आणि मागच्या बाजूने नांगर टाकण्याचा शहाणपणा तर कुठेच नको.

केबिन असेल तर पुढची झडप उघडून तिच्यावर कापडाचा झोळ बांधा: तोंड वाऱ्याकडे, शेपूट केबिनमध्ये. जुन्या चादरीचाही होतो. मागचं दार किंवा खिडकी पुढच्या तोंडापेक्षा मोठी उघडी ठेवा. हवा आत घेण्याइतकंच तिला बाहेर जायला वाट देणं महत्त्वाचं.

बॅटरीवर चालणारे 12 व्होल्टचे छोटे पंखे चांगलं काम करतात. असा पंखा साधारण एक अँपिअर घेतो. आठ तास चालला तर आठ अँपिअर-तास. छताच्या चौकटीवर सौर पॅनल बसवलंत तर बॅटरीही भरते आणि तेवढी सावलीही मिळते. इंजिन सुरू करायची बॅटरी मात्र वेगळी ठेवा. पंख्यापायी इंजिन सुरू होईना, ही समुद्रावर हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

4. तापणारे भाग

फळ्यांवर आणि तळावर गडद रंग नको. फिका राखाडी किंवा मळकट पांढरा ठेवा. शुभ्र पांढरा डोळ्यांना त्रास देतो. बसायच्या जागी रेक्झिनची गादी असेल तर तिच्यावर सुती चादर टाका. तळावर गोणपाट अंथरून दर अर्ध्या तासाने समुद्राचं बादलीभर पाणी मारा. पाय थंड राहिले की माणूस बराच वेळ तग धरतो. पाणी साचू देऊ नका, उपसत राहा.

आत बसवलेलं डिझेल इंजिन म्हणजे होडीतली चूल. त्याच्या पेटीवर कुणालाही बसवू नका. पेटीला आतून उष्णतारोधक थर लावता येतो, पण हवा खेळायची भोकं कधीच बुजवायची नाहीत. पेट्रोल इंजिन असेल तर टाकी सावलीत, उघड्या हवेत ठेवा.

इथे एक धोका आहे जो ऊन टाळण्याच्या नादात ओढवून घेतला जातो. सगळ्या बाजूंनी पडदे सोडले आणि इंजिन चालू ठेवलं तर मागचा धूर फिरून छताखाली येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती ही त्याची लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, म्हणून लोक फसतात. इंजिन चालू असताना पुढची बाजू मोकळी हवीच. दोन-तीन जणांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर आधी इंजिन बंद करा आणि पडदे उडवा.

5. अंगावर काय

उघडं अंग थंड राहतं असं वाटतं, आणि सावलीत ते खरंही आहे. उन्हात मात्र सैल, पातळ, लांब बाह्यांचा फिका सदरा बरा. सुती कापड घामाने आणि खाऱ्या पाण्याने जड होतं, तरी वाऱ्यात बरं वाटतं. पटकन वाळणारं सिंथेटिक कापड लाटा अंगावर येणार असतील तर सोयीचं. टोपीला चहूबाजूंनी कड हवी आणि हनुवटीखाली दोरी. कॅप घातलेल्यांचे कान आणि मान संध्याकाळी लाल झालेले असतात.

मानेवर ओला पंचा. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि वाऱ्यात बसलात तरच चालणारा. वारा पडला असेल तर ओला पंचा दहा मिनिटांत अंगाइतकाच गरम होतो. तेव्हा तो वरचेवर बुडवून पिळत राहायचा.

सनस्क्रीन निघायच्या आधी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा, पाण्यातून बाहेर आल्यावर तर लगेच. छताखाली बसलेल्यांनीही लावायची. वाळू आणि लाटांचा फेस अतिनील किरणं परतवतात, ती खालून येतात. हनुवटीखाली, नाकपुड्यांजवळ, पायांच्या पाठीवर लोक विसरतात. तळव्यांना मात्र लावू नका, होडीत पाय घसरेल. चष्मा पोलराइज्ड घेतलात तर चकाकी कमी होते आणि पाण्याखालचा दांडाही लवकर दिसतो.

आता लाइफ जॅकेट. उन्हाळ्यात ते गरम होतं, घामोळं येतं, आणि लोक काढून फळीखाली ढकलतात. 24 मे 2022 रोजी तारकर्लीत पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला होता, ऐन सुट्टीच्या दिवसांत. जॅकेट काढण्यापेक्षा त्याखाली फक्त पातळ सुती बनियन घाला आणि जॅकेट समुद्रात बुडवून ओलं करून चढवा. स्वतःची होडी असेल तर हवेने फुगणारं जॅकेट घेण्याचा विचार करा. ते पट्ट्यासारखं बारीक असतं आणि उकडत नाही. महाग आहे, आणि त्याची वेळोवेळी तपासणी करावी लागते.

6. पाणी, मीठ आणि पेज

उन्हात काम करणाऱ्याने दर 15 ते 20 मिनिटांनी साधारण पेलाभर, म्हणजे 240 मिलिलिटर पाणी प्यावं, असा मान्य हिशेब आहे. तासाला पाऊण ते एक लिटर झालं. नुसत्या बसलेल्या पाहुण्याला कमी पुरेल. पण तासाला दीड लिटरच्या वर कुणीच जाऊ नये. रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तो वेगळाच त्रास सुरू होतो. चार तासांच्या फेरीला माणशी तीन लिटर भरा आणि होडीत एक जादा कॅन कायमचा ठेवा, इंजिन बंद पडलं तर.

पाणी भरलेलं असतं आणि तरी लोक पीत नाहीत. विशेषतः बायका. कारण उघड आहे, होडीवर आडोसा नसतो. सकाळपासून घोटही न घेता दुपारी डोकं धरून बसलेल्या बायका पर्यटक होड्यांवर नेहमी दिसतात. होडी चालवणाऱ्याने निघायच्या आधीच मोठ्याने सांगावं की दर दोन तासांनी अमुक धक्क्याला थांबणार, तिथे स्वच्छतागृह आहे. एवढ्या एका वाक्याने कॅन रिकामा होऊ लागतो.

नुसतं पाणी पुरत नाही, मीठही जातं. आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, असेल तर सोन्याहून पिवळं: पाण्यात कोकम आगळ, साखर, चिमूटभर जिरेपूड. आगळात मीठ असतंच, वेगळं घालायची गरज नाही. ताक घरून निघताना थंड केलेलं हवं आणि पहिल्या दोन तासांत संपवावं. सोलकढीत नारळाचं दूध असतं, ती उन्हात लवकर बिघडते. ती घरी गेल्यावर. शहाळं उत्तम, त्याला भांडंही लागत नाही. घरी करायचं साधं क्षारपाणी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ओआरएसची तयार पुडी मिळाली तर तीच घ्या, आणि पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात विरघळवा. ज्यांना रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी पाण्यामिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

बिअर नको. थंड लागते म्हणून चालते असं वाटतं, पण ती अंगातलं पाणी बाहेर काढते आणि तोलही घालवते.

खाण्याच्या बाबतीत इथल्या जुन्या माणसांनी सगळं ठरवून ठेवलंय. उकड्या तांदळाची पातळ पेज, मीठ घातलेली, बरोबर भाजलेला सुका बांगडा किंवा लोणच्याची फोड. पाणी, मीठ, पचायला हलकं, तिन्ही एका वाटीत. कलिंगड न्या, पण कापून नको. अख्खं नेऊन तिथे कापा. वडे-भजी खाऊन उन्हात होडीत बसणाऱ्याला माझ्या शुभेच्छा.

मळमळ होऊ नये म्हणून गोळी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की अशा काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि झोप येते. उन्हात ते बरं नाही. घेतलीच तर त्या माणसाला सावलीत, होडीच्या मधोमध बसवा. तिथे हेलकावेही कमी लागतात.

7. बर्फ

पेट्या दोन. एक पिण्याच्या बाटल्यांची, सारखी उघडली जाणारी. दुसरी खाण्याची किंवा माशांची, क्वचित उघडायची. बाटल्यांच्या पेटीत सुटा बर्फ घालण्याऐवजी आदल्या दिवशी पाऊण भरलेल्या बाटल्या गोठवून ठेवा. त्या आधी बर्फाचं काम करतात, मग पाण्याचं. लादीचा बर्फ चुऱ्यापेक्षा बराच जास्त टिकतो. चुरा फक्त मासळीवर पसरायला. पेटी छताखाली, तळापासून दोन फळ्यांवर उचललेली, वरून फिकं कापड.

मासळीच्या बर्फाचं पाणी प्यायचं नाही आणि तो बर्फ सरबतात घालायचा नाही, हे पाहुण्यांना सांगावं लागतं. सांगा.

8. डुबकी

एप्रिल-मेमध्ये आपल्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी 29 ते 31 अंशांचं असतं. ऐकायला कोमट, पण कातडी त्याहून गरम असते आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून घेतं. पाच-दहा मिनिटांची डुबकी बर्फाच्या पेटीपेक्षा जास्त काम करते.

उतरण्याआधी इंजिन बंद आणि चावी खिशात. शिडी लावलेली, नसेल तर दोराची फासाफासांची. दमलेल्या माणसाला कडेवरून वर ओढून घेणं फार कठीण जातं. एक जण होडीतच राहणार. लांब दोर बांधलेला फ्लोट पाण्यात सोडलेला. खाडीच्या तोंडाशी, उदाहरणार्थ देवबागला कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरायचं नाही, पोहता कितीही चांगलं येत असलं तरी. जेलीफिश तरंगताना दिसले तर बादलीने अंगावर पाणी घेऊन समाधान माना.

बाहेर आल्यावर तांब्याभर गोड्या पाण्याने मान, काखा, गुडघ्यांमागे धुवा. खारं पाणी अंगावर वाळलं की मिठाचा थर हवेतला ओलावा ओढतो, अंग चिकट राहतं आणि घामोळं फुटतं.

9. उजनी, कोयना किंवा घाटावर असाल तर

उजनीच्या पाणलोटात भिगवणकडे किंवा कोयनेच्या शिवसागरात तापोळ्याला गेलात तर वरचं बरंच उलटं करा. घाटावर हवा कोरडी असते, ओलं कापड तिथे खरोखर गार पडतं. उजनीच्या बाजूला एप्रिलमध्ये पारा चाळिशीला जातो, पण छताच्या कडेला ओली गोणपाटं टांगली तर आत येणारा वारा थंड लागतो. कोकणात हाच प्रयोग नुसता कोंदटपणा वाढवतो. कॅनव्हासची छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, नाळेला टांगा. पाणी फ्रिजसारखं लागेल. घाम इतक्या पटकन वाळतो की आपल्याला घाम येतोय हे कळतच नाही, म्हणून तहानेची वाट न बघता घड्याळ लावून पाणी प्या.

10. तरीही कुणाचं बिघडलं तर

पायात गोळे येणं ही पहिली सूचना. सावली, क्षारपाणी, विश्रांती. पुढची पायरी म्हणजे खूप घाम, डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, थंड चिकट कातडी. आडवं करा, पाय थोडे वर, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, घोटघोट क्षारपाणी. आणि फेरी तिथेच संपवा. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही किंवा उलट्या थांबत नसतील तर डॉक्टरकडे.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेनासा झाला, झटके आले किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात धरून चाला. अंगाचं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं. घाम थांबला आहे का याची वाट बघू नका, उष्माघातात घाम चालूही असू शकतो. इथे मिनिटं मोजायची असतात आणि क्रम असा: आधी थंड करणं, मग नेणं; होडीवर दोन्ही एकदम करता येतं. एक जण होडी धक्क्याकडे वळवील. दुसरा कपडे काढून डोक्यापासून पायापर्यंत बादलीने पाणी ओतत राहील आणि जे हाताला लागेल त्याने वारा घालील. तिसरा माशांच्या पेटीतला बर्फ कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवील. हा बर्फ प्यायला नको होता, इथे मात्र सगळा वापरा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. तापाची गोळी या तापावर चालत नाही.

धक्क्यावर रुग्णवाहिका हवी म्हणून 108 ला फोन करा. समुद्रात अडकला असाल तर तटरक्षक दलाचा 1554, आणि होडीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल 16. हे आकडे फोनमध्ये तर ठेवाच, सुकाणूजवळ रंगानेही लिहून ठेवा. फोन ओला होतो, त्याची बॅटरी उन्हात बसते. फोन लागताच होडीचं नाव, जवळचा धक्का, किती माणसं, आणि रुग्ण शुद्धीवर आहे की नाही, एवढं आधी सांगा.

वाटेत तो शुद्धीवर आला, बोलू लागला, "आता बरं वाटतंय, घरी जातो" म्हणाला, तरी रुग्णालयात न्यायचंच. मूत्रपिंडाला आणि यकृताला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्ततपासणीत कळते. आणि साध्या चकरेवर निभावलं असेल तरी दुसऱ्या दिवशी त्याला होडीत घेऊ नका.